मुलाची कैफियत



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्यांनी आपले उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविले, आणि पुढे मोठमोठ्या हुद्द्यांवर गेलेले त्यांचे विद्यार्थी आजही त्यांची आठवण निघाली म्हणजे पाढ्यांविषयी वा कवितांविषयी बोलत नाहीत. मूल बोलू लागले की गुरुजी हातातला खडू खाली ठेवून ऐकत असत, एवढेच सांगतात. यंदाचे हे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात तेव्हा विषयाच्या शोधार्थ मला दूर जावे लागले नाही. मुलाचे ऐकून घेणे हाच विषय मी पत्करला, आणि मराठीत ज्या लेखकाने हे काम सर्वांत हळुवार हाताने केले त्या प्रकाश नारायण संतांच्या आधाराने तो आपल्यापुढे ठेवावा असे ठरविले.

१

'कैफियत' हा शब्द आपल्याकडे फारसी अंमलात दप्तराच्या वाटेने आला आणि घरचाच होऊन राहिला. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपले लेखी म्हणणे सादर करतो त्यास आजही कैफियतच म्हणतात, आणि ती घेतल्यावाचून फैसला देऊ नये हा न्यायाचा पहिला संकेत समजला जातो. चोरीच्या आरोपात धरलेल्या माणसाचीही जबानी नोंदविली जाते. घर आणि शाळा या दोन कचेऱ्या मात्र अशा आहेत, की तेथे मुलाविषयी दिवसातून दहा फैसले होतात, ते हट्टी ठरते, आळशी ठरते, द्वाड किंवा घुमे ठरते, आणि त्यांपैकी एकाही प्रकरणात त्याची कैफियत दाखल झालेली नसते.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मी नऊ वर्षांचा असताना मला शिक्षणासाठी आजोळी, म्हणजे याच पुलगावात, ठेवण्यात आले. आई आर्वीला. मला पोचवायला ती आर्वीच्या छोट्या रेल्वेने आली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने रोहणा-विरूळच्या बाजूला दिसेनाशी झाली. आजोबा येथील कापडगिरणीत कामाला होते. माझी शाळा सकाळची. घरून निघण्याच्या सुमारास गिरणीचा भोंगा होई. मी पाटी-दप्तर घेऊन अंगणातल्या रांजणाजवळ उत्तरेकडे तोंड करून उभा राहत असे, आणि भोंग्याचा शेवटचा सूर विरून जाईपर्यंत जागचा हलत नसे. हा आवाज तसाच पुढे आर्वीपर्यंत जातो, आणि चुलीपुढे बसलेल्या आईला तो याच क्षणी ऐकू येतो, अशी माझी पक्की खात्री होती. तो संपण्यापूर्वी निघणे म्हणजे आईला बोलता बोलता मध्येच सोडून निघण्यासारखे होते. त्यापायी मला शाळेत पोचायला रोज थोडा उशीर होई. हजेरीपत्रकात तसा शेरा पडे आणि मला अंगठे धरून उभे राहावे लागे. का उशीर होतो, असे मला विचारण्यात येत असे खरे, परंतु तो प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता, आणि उत्तर द्यावयाचे तर त्यासाठी लागणारे शब्द माझ्यापाशी नव्हते. आजोबा-आजीची माया अपार होती. मला खायला-ल्यायला काही कमी नव्हते. तक्रार करावी असा कोणी इसमच माझ्यासमोर नव्हता. पुढे पन्नाशी उलटल्यावर 'वनवास' हे पुस्तक माझ्या हाती आले, आणि अंगणातल्या त्या मुलाची कैफियत कोणीतरी, मला न भेटता, न ओळखता, लिहून ठेवलेली मी वाचली.

२

मराठीत मुलाचे मन म्हटले की प्रथम श्याम आठवतो, आणि ते योग्यच आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत अवघ्या पाच दिवसांत लिहावयास घेऊन बव्हंशी पुरी केली, आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाल्यापासून महाराष्ट्राच्या किती पिढ्या तिच्यावर वाढल्या याची मोजदाद कोणी करू नये. परंतु या पुस्तकात बोलतो तो प्रौढ झालेला श्याम आहे. तो आश्रमातल्या मित्रांना रात्री आपले बालपण सांगतो. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या पोराला आईने शिमटीने मारले ही आठवण तो सांगतो तेव्हा त्या माराचा अर्थ त्याला उमगलेला आहे, त्याबद्दल तो कृतज्ञ आहे, आणि ती कृतज्ञता आपल्या मनात उतरावी ही त्याची तळमळ आहे. माळ्यावर अंधारात अंग चोरून बसलेल्या मुलाच्या छातीत त्या घटकेला काय चालले होते, हा त्या पुस्तकाचा विषय नव्हे. गुरुजींना आईचे ऋण फेडावयाचे होते, आणि त्यांनी ते असे फेडले की तसे दुसऱ्या कोणास साधले नाही.

त्या माळ्यावरच्या अंधारात शिरण्याचे काम पुढे दुसऱ्याने केले. प्रकाश नारायण संत यांचा जन्म १६ जून १९३७ चा. वडील नारायण मुरलीधर संत आणि आई इंदिरा संत. दोघे कवी, दोघांच्या कविता 'सहवास' या संग्रहात १९४० साली एकत्र प्रसिद्ध झालेल्या. १९४६ साली वडील गेले तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. इंदिराबाईंनी बेळगावात अध्यापन करून संसार ओढला आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' या संग्रहांतून त्या विरहाची जी कविता लिहिली ती मराठीच्या कायमच्या ठेव्यात जमा झाली आहे. मुलगा आजीला दत्तक गेला आणि कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला. हे नाव त्याने आयुष्यभर नोकरीत व व्यवहारात वागविले. कथा लिहावयास बसला तेव्हा मात्र जन्मदात्या वडिलांचे नाव आणि आडनाव लावून बसला. एका माणसाची ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर त्याच्या लेखनाचे निम्मे मर्म हाती लागते असे मला वाटते.

दीक्षित कराडला महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत. तरुणपणी 'सत्यकथे'त त्यांचे थोडे लेखन आले होते. त्यानंतर सुमारे तीन दशके त्यांनी जवळजवळ मौन पाळले. 'वनवास' हे पहिले पुस्तक १९९४ साली आले तेव्हा लेखकाचे वय सत्तावन्न होते. मागोमाग १९९७ साली 'शारदा संगीत' आणि २००१ साली 'पंखा' आले. १५ जुलै २००३ रोजी ते निवर्तले, आणि 'झुंबर' हे चौथे पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. कथांची चार पुस्तके, आणि चारहींत एकच मुलगा. त्याचे नाव लंपन.

३

लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावाकडच्या कानडी-मराठी सरहद्दीवरच्या एका लहान गावी, आजीआजोबांपाशी राहतो. शाळा आहे, मित्र आहेत, सुमी नावाची मैत्रीण आहे, झाडे आणि पाऊस आहे, गाण्याचा वर्ग आहे. गोष्टी म्हणाव्या तर लहान लहान. त्यांत साहस नाही, कारस्थान नाही, बक्षीस नाही की शिक्षा नाही. सर्व काही लंपन स्वतः सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात मोठ्या माणसाचा हात कोठेही मध्ये येत नाही. लेखकाचे वय साठीच्या आसपास, आणि निवेदकाचे जेमतेम दहा-बारा; या दोहोंतील सारे अंतर लेखकाने वाचकाला कळूसुद्धा न देता कापलेले आहे. बालपणाविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. बालपणातून लिहिणारा क्वचित एखादा निघतो.

त्याच्या दोन लकबी मी जरा जवळून दाखवितो. लंपनला कोणतीही गोष्ट पुष्कळ वेळा झाली असे सांगावयाचे असले की तो 'पुष्कळ' म्हणत नाही, एखादा भलामोठा आणि अगदी नेमका आकडा सांगतो, हजारांतला आणि एककापर्यंत पुरा. वाचकाला प्रथम हसू येते. चारदोन कथा वाचून झाल्या म्हणजे हसू ओसरते आणि ध्यानात येते, की हा मुलगा आपल्या आत काठोकाठ भरलेले काहीतरी मोजू पाहतो आहे. ज्या भावनेला नाव ठाऊक नाही तिला तो आकडा देतो. मोठी माणसे दुःखाला दुःख म्हणून मोकळी होतात. ज्याच्यापाशी तो शब्दच नाही, किंवा असूनही तो उच्चारण्याचे धैर्य नाही, त्याने काय करावे? त्याने संख्या सांगावी, आणि ती अचूक सांगावी, कारण अचूक सांगणाऱ्यावर कोणी अविश्वास दाखवीत नाही, असे मुलाला वाटते.

दुसरी लकब 'मॅड' या शब्दाची. जे फार आवडले तेही मॅड, जे सहन होत नाही तेही मॅड, आणि स्वतःलाच उमगेनासे झाले की तोही मॅड. एकच शब्द इतक्या निरनिराळ्या ठिकाणी तो अशा स्वराने उच्चारतो, की प्रत्येक वेळी त्याचा अर्थ आपल्याला आसपासच्या शांततेवरून लावावा लागतो. शिवाय त्याची भाषा आहे सरहद्दीवरची. वाक्याच्या शेवटी 'काय की' येते, कानडीचा हेल मराठी क्रियापदांना लागतो. ही भाषा कोणी शुद्ध करून प्रमाण मराठीत लिहिली असती तर कैफियत देणारा बदलला असता. आपल्या कचेऱ्यांतून अडाणी माणसाची जबानी कारकुनाच्या भाषेत उतरते, आणि वाचून दाखविली की हे आपणच बोललो का, असा त्याला प्रश्न पडतो. संतांनी लंपनवर ती पाळी येऊ दिली नाही.

परंतु या कथांचे सर्वांत खोल मर्म मला निराळ्याच ठिकाणी दिसते. लंपनच्या जगात दुष्ट असे कोणी नाही. आजी प्रेमळ, आजोबा प्रेमळ, आईवडील दूर असले तरी जीव लावणारे; त्याला आजोळी ठेवणे हा कोणी केलेला अन्याय नव्हे. आणि तरीही त्याचा तो वनवास आहे. रामाच्या वनवासाला निदान कैकेयी होती. या वनवासाला कोणी नाही. ज्या दुःखाला अपराधी सापडतो त्याची फिर्याद करता येते. ज्याला अपराधी नाही, ज्याभोवती सर्वजण मायेनेच वागत आहेत, ते दुःख मूल कोणाच्या दरबारात नेणार? नेले तर आजीच्या मायेला बट्टा लागेल हेही त्याला कळते. म्हणून तो गप्प राहतो, झाडांकडे पाहतो, आकडे सांगतो. अशा मुलाला आपण शहाणे मूल म्हणतो, आणि निर्धास्त होतो.

४

या कथांचे थोरपण ठरविताना थोडे दूरचे उदाहरण घेण्याची मुभा मला असावी. हॉलंड हा देश आपल्याला अॅन फ्रँकच्या रोजनिशीमुळे परिचित आहे. त्याच देशात ग्यूस कॉयर नावाचे लेखक १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, अॅम्स्टरडॅममध्ये जन्मले. काही वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत शिकविले, पुढे नोकरी सोडून केवळ लेखन केले, आणि २०१२ साली बालसाहित्यातील अॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार त्यांना मिळाला. मुलाला तुच्छ लेखण्याची प्रौढांची सवय हा त्यांच्या १९८० सालच्या एका निबंधग्रंथाचाच विषय आहे.

मादलीफ नावाच्या मुलीवरच्या त्यांच्या एका पुस्तकात तिची आजी मरण पावते, आणि मुलीला कोडे पडते ते असे, की घरात खरोखर शोक करताना कोणी दिसत नाही. आजी कोण होती, हे तिला कोणी सांगत नाही. बागेतल्या खोपटातील टेबलावर आजीने ओढलेले ओरखडे तेवढे तिला सापडतात, आणि त्या ओरखड्यांच्या मागावर जाता जाता आजीच्या दबून गेलेल्या आयुष्यापर्यंत ती पोचते. २००४ सालच्या दुसऱ्या एका कादंबरीत तोमास हा नऊ वर्षांचा मुलगा आहे. काळ १९५१ चा. बाप धर्मनिष्ठ, कठोर, बायकोवर हात उगारणारा. तोमासला कालव्याच्या पाण्यात उष्ण कटिबंधातले रंगीत मासे पोहताना दिसतात, जे दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि आपले सर्व काही तो एका वहीत लिहून ठेवतो. मोठेपणी आपण सुखी व्हायचे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे.

कॉयर आणि संत यांनी एकमेकांचे नावही ऐकले असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही तीन मुलांची ही तीन प्रकरणे एकाच दप्तरात शेजारी ठेवण्याजोगी आहेत. तोमासपाशी आरोपी आहे. मादलीफपाशी आरोपी नाही, पण टेबलावरच्या ओरखड्यांचा पुरावा आहे. लंपनपाशी आरोपी नाही आणि पुरावाही नाही. केवळ त्याचे बोलणे आहे, आणि ते ऐकणारा वाचक. सर्वांत अवघड प्रकरण ते हेच, आणि ते आपल्या भाषेत, आपल्याच एका सरहद्दीवरच्या गावात चालले, याचा मला अभिमान वाटतो. जी. ए. कुलकर्णी हेही त्याच बेळगाव-धारवाडच्या भूमीतले. त्यांनी 'बखर बिम्मची' लिहून मुलाच्या मनाला असाच मान दिला होता. दोन भाषांच्या हद्दीवर वाढणाऱ्या मुलाला शब्द म्हणजे काय हे जरा लवकर कळत असावे, असा तर्क करण्याचा मोह मला होतो.

५

आता आपल्या घराकडे वळू. मुलाला मान द्यावा हा विचार आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायातून सात वर्षांचे मोफत शिक्षण असावे असे तिने ठरविले, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना आखली, आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने ही नई तालीम प्रत्यक्षात चालवून दाखविली. मुलाच्या हाताला बुद्धी आहे, हे या भूमीने देशाला सांगितले. त्याच सुमारास बालशिक्षणाच्या पुरस्कर्त्या मॉंतेसोरीबाई हॉलंडहून भारतात आल्या, युद्धकाळात येथेच राहिल्या, आणि पुढे हॉलंडातच १९५२ साली वारल्या. आपल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचा तो विचार बोर्डीच्या आणि कोसबाडच्या अंगणात, आदिवासी पाड्यांच्या दारात नेला. मुलाच्या हाताला आणि डोळ्यांना अशा रीतीने न्याय मिळाला. त्याच्या मौनाला मात्र तो अजून मिळावयाचा आहे.

हे मौन आज कमी झालेले नाही. आपल्या या गावात दारूगोळ्याचे विशाल भांडार आहे, आणि तेथील नोकरीनिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येतात व बदलीचा हुकूम निघाला की जातात. त्यांची मुले वर्षाच्या मध्यात वर्गात येऊन बसतात, भाषा नवी, बाक नवा, मैत्री होते न होते तोच पुन्हा निघायची वेळ. काही मुलांना आईवडील परगावी कामाला गेल्यामुळे आजीपाशी ठेवलेले असते. ती सगळी शहाणी असतात. कोणाची तक्रार नसते. अशा मुलाची गणिताची वही आपण रोज तपासतो. तिच्या शेवटच्या पानावर त्याने काय गिरगटले आहे ते कधी पाहतो का?

आणि गोष्ट सांगून संपली की आपण त्याला विचारतो, "यावरून काय बोध घेतलास?" हा प्रश्न मी स्वतः शिक्षक म्हणून हजारो वेळा विचारला आहे, आणि तो चुकीचा होता असे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. बोध विचारला की मूल आपल्याला हवे असलेले उत्तर देते, आणि त्याला जे वाटले ते तसेच दप्तरात बांधून घरी नेते. लंपनच्या कथांना बोध नाही, म्हणून त्या मुलांसाठी नाहीत असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्या कथा जशा मुलांसाठी आहेत तशा, किंबहुना त्याहून अधिक, मुलांच्या शेजारी राहणाऱ्या मोठ्यांसाठी आहेत. निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'लंपन' या मालिकेला गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२४ साली सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. तिच्यामुळे ज्यांना हा मुलगा चेहऱ्याने ओळखीचा झाला असेल त्यांनी आता त्याचा आवाज पुस्तकात ऐकावा. चेहरा पडद्यावर दिसतो, परंतु आकड्यांच्या आड लपणारा तो मुलगा पानावरच भेटतो.

माझे मागणे दोनच आहे. पहिले या गावच्या वाचनालयाकडे आणि शाळांकडे: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चारही पुस्तके आणावीत, आणि ती काचेच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवावीत, ती फाटली तर पुन्हा आणावीत. दुसरे येथे जमलेल्या आईबापांकडे आणि माझ्या शिक्षक बांधवांकडे: मुलाविषयी शेरा लिहिण्यापूर्वी त्याची कैफियत घ्यावी. तो गप्प राहिला तर प्रकरण तहकूब ठेवावे, निकाली काढू नये. तो एखादा अशक्य आकडा सांगू लागला तर दुरुस्त करू नये. खडू खाली ठेवावा, आणि आकडा पुरा होऊ द्यावा.